पस्तीस सेंट

मायक्रॉनसाहेबांना गाण्यातले काही कळत नसे, आणि हे ते स्वतःच सर्वांना सांगत. फक्त सांगण्याची पद्धत अशी असे की, यात काही उणे असलेच तर ते गाण्यात असावे. त्यांना कळत असे ते मोजण्यातले. इतरांची मोजमापे खरी बोलतात की खोटी, हे तपासण्यात त्यांनी एका प्रयोगशाळेत चौतीस वर्षे घालवली होती. कारखान्यातून एखादा दाबमापक येई, दवाखान्यातून तापमापक येई, आणि साहेब त्यांच्यासोबत प्रमाणपत्र पाठवत की, सदर उपकरण शंभर म्हणेल तेव्हा शंभर पूर्णांक दोन दशांश समजावे. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे मायक्रॉन म्हणत. साहेबांना हे ठाऊक होते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे नाव मिळाल्याचा त्यांना राग नव्हता. कोणी नुसते मिलिमीटर म्हटले असते, तर मात्र आला असता.

अशा माणसाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी बायकोचे गाणे संगणकावर सुरात आणण्याचे काम अंगावर घेतले. खरे तर घेतले नाही. ते त्यांच्या अंगावर पाटीवरून आले.

सगळी इमारत साहेबांच्या पत्नीला वहिनी म्हणे, तेव्हा आपणही म्हणू. वहिनींच्या गळ्याची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले होते. गाठ काढली, आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावे लागले. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत आणि त्याच क्रमाने सांगितले होते, आणि क्रम बरोबर आहे, हे साहेबांनी मान्य केले होते. तेव्हापासून वहिनी प्लास्टिकच्या एका पांढऱ्या पाटीवर लिहून बोलत. चाळीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक वाक्य 'अहो'ने सुरू होई, आणि पाटी लहान असल्यामुळे तिचा पाचवा हिस्सा त्यातच खर्ची पडे. समोर आपण एकटेच असताना 'अहो' गृहीत धरता येईल, असे साहेबांनी एकदा सुचवून पाहिले. वहिनींनी लिहिले, 'अहो, असू द्या.'

त्यांची मुलगी दुसऱ्या देशात राहत होती आणि पाच आठवड्यांनी तिचे बाळंतपण होते. तिने फोनवर सांगितले, "बाबा, ऑपरेशनच्या आधी आईच्या अंगाईचं रेकॉर्डिंग केलं होतं ना, ते पाठवा. बाळाला तेच ऐकवायचंय." साहेब पाठवायला निघाले, तेवढ्यात पाटी आडवी आली.

'अहो, असं नाही पाठवायचं. आधी सुरात करून द्या. तुम्ही म्हणाला होतात.'

आपण असे कधी म्हणालो, हे साहेबांना आठवेना. वहिनींनी पाटी पुसली आणि दुसरी ओळ लिहिली : 'अहो, बाळाला मी बेसूर भेटायला नको.'

वहिनी बेसूर आहेत, हा शोध मुळात साहेबांचाच होता. एकतीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या स्नेहसंमेलनात वहिनींनी गाणे म्हटले होते. साथीला पेटी होती. त्याच सभागृहात उपकरणांचे प्रदर्शन मांडलेले असल्याने साहेबांच्या हाताशी कंपनसंख्या मोजण्याचे यंत्र होते. आणि हाताशी यंत्र असताना न मोजता बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गाणे संपल्यावर, टाळ्या थांबायच्या आत, त्यांनी शेजारच्या खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निष्कर्ष जाहीर केला : "पेटीपेक्षा दोन टक्के वर. पण सातत्यानं." साहेबांच्या धंद्यात सातत्याने चुकणारे उपकरण उत्तम समजतात, त्यामुळे हे कौतुक होते. सभागृहाला धंदा ठाऊक नव्हता. लोक हसले. पुढे कित्येक वर्षे त्या मंडळींत वहिनींना 'दोन टक्के वहिनी' म्हणत. त्यानंतर वहिनी गायल्या त्या फक्त स्वयंपाकघरात, दार लोटून.

असो. काम सुरू झाले, आणि इमारतीत ते कळायला एक दुपार पुरली.

पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे बँकवाले. बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाल्यापासून ते कोणाच्याही घरी, कर्जाच्या अर्जावर सही करायला आल्यासारखे येत.

"साहेब, यात काय एवढं? हल्लीचे सगळे गायक तेच करतात. सकाळी खोकतात, संध्याकाळपर्यंत त्याचं गाणं झालेलं असतं."

"चूक किती आहे ते आधी बघावं लागेल," साहेब म्हणाले. "यात सेंट नावाचं एकक असतं."

"सेंट? कुठल्या कंपनीचं?"

"वासाचं नव्हे. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करायचे. त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट."

"अस्सं," बँकवाले म्हणाले. "म्हणजे कंपनी नाही."

दुसरे आले ते तळमजल्यावरचे पेटीमास्तर. चाळीस वर्षे शिकवण्या घेऊन त्यांचे कान इतके तयार झाले होते की, दाराची घंटा कोणत्या पट्टीत वाजते ते सांगितल्याशिवाय ते आत येत नसत. ते वहिनींसमोर बसले आणि अतिशय जपून म्हणाले, "वहिनी, तुमचा सूर वाईट मुळीच नव्हता. फक्त तो फटीत होता."

"फटीत म्हणजे?" साहेबांनी विचारले.

"पांढरी पाच आणि काळी चार या शेजारच्या पट्ट्या. वहिनींचा षड्ज त्यांच्या मधोमध. पेटीत तिथं पट्टीच नाही, साहेब. तिथं फट आहे."

वहिनींनी लिहिले, 'अहो, मास्तरांना चहा घेणार का विचारा.' मास्तरांनी पाटी वाचली आणि घेणार म्हणाले. पाटीवर दुसऱ्याशी बोलतानाही त्या साहेबांमार्फतच बोलत.

बँकवाल्यांच्या सल्ल्यावरून साहेबांनी प्रथम इंटरनेटवरची एक सेवा धरली. ध्वनिमुद्रण चढवायचे, ती मंडळी सूर दुरुस्त करून परत पाठवणार. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून झाली, आपण यंत्रमानव नाही हे रस्त्यावरचे दिवे ओळखून सिद्ध करून झाले, आणि शेवटच्या पानावर अट आली : दुसऱ्या कोणाचा आवाज परस्पर वापरला जाऊ नये, म्हणून आवाजाच्या मालकाने पुढील वाक्य स्वतःच्या आवाजात वाचून दाखवावे. वाक्य होते, 'हा आवाज माझा असून त्यात बदल करण्यास माझी संमती आहे.'

वहिनी मायक्रोफोनसमोर येऊन बसल्या. साहेब त्यांना नको म्हणत होते. पण त्यांनी अगदी सरळ बसून, ओठांनी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. पडद्यावर आले, 'आवाज ऐकू आला नाही. कृपया शांत जागी बसून पुन्हा बोला.' खोलीत इतकी शांतता होती की, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकलेला कळत होता. वहिनींनी पुन्हा म्हटले. पुन्हा तेच आले. तिसऱ्यांदा त्यांनी पाटी उचलली.

'अहो, त्यांना सांगा, मलाही येत नाही ऐकू.'

साहेबांनी मदत कक्षाला पत्र लिहिले. मुद्दे क्रमांक एक ते सात, सोबत रुग्णालयाच्या कागदाची प्रत. उत्तर एका मिनिटात आले, म्हणजे ते कोणी वाचलेले नव्हते. 'आपली अडचण आम्हाला समजली आहे. आवाज बसला असल्यास कोमट पाणी प्यावे आणि बरे वाटल्यावर पुन्हा प्रयत्न करावा.' खाली सही होती, 'आपली आनंदी मदतनीस'. साहेबांनी दुसरे पत्र लिहिले, त्यात मुद्दे अकरा होते. त्याचेही उत्तर कोमट पाणीच होते.

"एवढंच ना?" बँकवाले म्हणाले. "आमच्या घरातून वाचून देतील की. बाईमाणसाचा आवाज हवा, मिळाला बाईमाणसाचा आवाज."

साहेबांना हे तत्त्वतः मान्य नव्हते. पण बाळंतपणाला चार आठवडे उरले होते, आणि तत्त्वाला मुदत नसते. बँकवाल्यांच्या पत्नी खाली आल्या, कधी नव्हे ते पावडर लावून, आणि ते वाक्य त्यांनी बक्षीस समारंभात वाचावे तसे खणखणीत वाचले. पडदा क्षणभर विचारात पडला आणि मग लाल झाला. 'हा आवाज नोंदवलेल्या आवाजाशी जुळत नाही. फसवणुकीच्या संशयावरून आपले खाते गोठवण्यात येत आहे.'

चौतीस वर्षे जगाला खरेपणाची प्रमाणपत्रे देणारा माणूस आपल्याच जेवणाच्या टेबलाशी संशयित ठरला. साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बँकवाले तर जास्तच हादरले. "मी आयुष्यभर लोकांची खाती गोठवली," ते पुटपुटले, "पण दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर असं वाटतं, हे माहीत नव्हतं."

अखेर बँकवाल्यांच्या मेहुण्यांनी एक प्रोग्रॅम आणून संगणकात घालून दिला. तो कोणाची संमती विचारत नव्हता. गाणे त्यात टाकले की त्याचे गोळे दिसत. प्रत्येक अक्षराचा एक लांबट गोळा, मागे पेटीच्या पट्ट्यांच्या आडव्या रेघा, आणि गोळा रेघेवर नसेल तर गाणारा चुकला. ही व्यवस्था पाहून साहेबांना बऱ्याच दिवसांनी आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. वहिनींच्या अंगाईची पहिली ओळ पडद्यावर उभी राहिली : 'दार लोटलं, पडदा ओढला, आता उरला उजेड थोडा.' त्यातला एकही गोळा रेघेवर नव्हता.

एक बटण होते, ते दाबले की सगळे गोळे आपापल्या जवळच्या रेघेवर जाऊन बसत. साहेबांनी ते दाबले. पण सूर फटीत आणि त्यात आवाजाला कंप, याचा परिणाम असा झाला की, काही अक्षरांना खालची रेघ जवळ वाटली आणि काहींना वरची. 'दार' पांढऱ्या पट्टीवर उतरले, 'लोटलं' काळीवर चढले, 'पडदा' मध्येच दुमडला. आणि आवाजाचे काहीतरी झाले. त्यातला कंप गेला, श्वास गेला, आणि उरली ती मोठ्या इमारतींतल्या लिफ्टमध्ये दार बंद होत असल्याची सूचना देणारी बाई. ती बाई म्हणत होती, दार लोटलं.

वहिनींनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग लिहिले, 'अहो, कितवा मजला?'

साहेबांना हसू आले नाही, पण वहिनींचे खांदे हलत होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे हसणे तेवढेच उरले होते. ते हसणे आहे की दुसरे काही, हे पाठमोरे असताना सांगता येत नसे.

मग साहेबांनी शिस्तीने काम काढले. दोनशे बारा गोळे होते. रोज सकाळी चहानंतर ते बसत आणि एकेक गोळा हाताने ओढून रेघेवर ठेवत, कंप थोडा ठेवत, श्वास जिथल्या तिथे ठेवत. रोज चोवीस गोळे. नवव्या दिवशी काम पुरे झाले. पेटीमास्तरांनी वर येऊन ऐकले आणि एका पट्टीचाही दोष काढता आला नाही म्हणून ते काहीसे खिन्न झाले. बँकवाले म्हणाले, "सुंदर! रेडिओवर लावा, कोणाला कळायचंसुद्धा नाही."

रविवारी मुलीचा फोन आला. साहेबांनी फोनचा स्पीकर लावला आणि वहिनींना शेजारी बसवले. गाणे सुरू झाले, पहिले कडवे संपले, दुसरे संपले. पलीकडून मुलगी म्हणाली, "छान आहे बाबा. ही बाई कोण पण? आणि आईचं कधी लागणार?"

साहेबांनी गाणे बंद केले. "आईचं पाठवतो," ते म्हणाले. "थोडं काम बाकी आहे."

"बाबा, आई आहे का तिथं? आई, ऐकतेयस ना?"

वहिनींनी नेहमीप्रमाणे फोनवर बोटाने दोनदा टकटक केली; याचा अर्थ हो. मग पाटी घेतली आणि बराच वेळ ती पुसत बसल्या. पाटीवर काही लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळे गोळे पुन्हा मूळ जागी नेऊन ठेवले. पुढे काय करावे, हे त्यांना सुचत नव्हते. आणि काही सुचत नसले की ते आलेख काढत. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर चूक, सेंटमध्ये. दोनशे बारा बिंदू मांडून होईस्तोवर जेवायची वेळ झाली. बिंदू विखुरलेले निघतील, अशी त्यांची कल्पना होती, कारण बेसूरपणा म्हणजे विखुरणे. तसे ते नव्हते. षड्ज पांढरी पाच धरला, तर पहिल्या कडव्यातला प्रत्येक सूर आपापल्या रेघेपेक्षा बरोबर पस्तीस सेंट वर होता. सलग, सरळ, फुटपट्टी लावल्यासारखा. दुसऱ्या कडव्यात ती रेघ उतरू लागली होती, आणि तिसऱ्यात हळूहळू घसरत पार खाली गेली होती.

साहेब त्या आलेखाकडे पाहत राहिले. असा आलेख त्यांनी नोकरीत शेकडो वेळा पाहिला होता. उपकरणात दोष असला की आलेख असा येत नाही. ज्याच्याशी ताडून पाहायचे ते प्रमाणच काढून घेतले की चांगले उपकरण असे सरकत जाते. पण वहिनींचे प्रमाण कोणते? घरात तंबोरा नव्हता. पेटी तळमजल्यावर होती, आणि तिच्याशी त्यांचे कधीच पटले नव्हते.

ते ध्वनिमुद्रण रुग्णालयात दाखल व्हायच्या सकाळी केलेले. साहेबांनी त्या दिवशी खोली स्वच्छ केली होती, म्हणजे आवाजाच्या दृष्टीने. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, घड्याळाचा सेल काढलेला, फ्रीजची पिन उपसलेली. वहिनींना रजयांच्या कपाटासमोर स्टुलावर बसवले होते. गाणे चार मिनिटे एकावन्न सेकंदांचे होते. मुद्रण मात्र सात मिनिटांचे होते, कारण साहेब यंत्र बंद करायला विसरले होते. गाणे संपल्यावरचा भाग त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता. गाणे तिथे संपते, तर पुढे मोजण्यासारखे काय असणार?

त्यांनी पुढचे लावले.

"झालं का हो?" वहिनींचा आवाज आला. गाण्यातला नव्हे, रोजचा.

"झालं."

"कसं झालं?"

मध्ये काहीच नव्हते. साहेबांनी नंतर ते अंतर मोजले, तीन पूर्णांक दोन दशांश सेकंद. मग त्यांचा स्वतःचा आवाज : "चालेल. हल्ली दुरुस्त करता येतं."

"बरं. मग करा दुरुस्त." वहिनी थोड्या हसल्या होत्या, हसणे आवाजाचे होते, खांद्यांचे नव्हते. "फ्रीज लावू का? दूध नासेल."

चपलांचा आवाज, खटका, आणि फ्रीज सुरू झाल्याची घरघर. मग बॅगेची चेन. कपडे घड्या करून ठेवल्याचे आवाज. आणि त्यावर, कोणी ऐकत नाही असे समजून, वहिनी तीच अंगाई गुणगुणू लागल्या.

साहेबांनी तेवढा भाग प्रोग्रॅममध्ये टाकला. फ्रीजची घरघर सेकंदाला शंभर कंपने. वहिनींचा षड्ज दोनशे, म्हणजे नेमका तिच्या दुप्पट, वरच्या सप्तकातला तोच सूर. फरक दोन सेंट. एवढा फरक कोणाच्याही कानाला कळत नाही. पेटीची पांढरी पाच आहे एकशे शहाण्णववर. तिच्यापेक्षा वहिनी पस्तीस सेंट वर होत्या. टक्क्यांत सांगायचे तर दोन टक्के.

वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि विजेवर चालणारी वस्तू घुमते ती शंभरावर. चाळीस वर्षांत त्यांनी तीन घरे बदलली होती, चार फ्रीज बदलले होते, ट्यूबलाइट किती बदलल्या त्याची गणती नव्हती; पण घुमणारा सूर सगळ्या घरांत तोच होता. वहिनी स्वयंपाकघरात त्याला धरून गात होत्या. एकतीस वर्षांपूर्वी साहेबांनी मोजलेला आकडा अचूक होता. चुकीची होती ती पट्टी, जिच्याशी त्यांनी तो ताडून पाहिला. आणि मुद्रणाच्या सकाळी त्यांनी वहिनींचा तंबोरा पिनेसकट उपसून ठेवला होता. पहिले कडवे वहिनींनी आठवणीवर काढले. पुढे आठवण पुरली नाही.

गुणगुणणे एक्केचाळीस सेकंदांचे होते. 'दार लोटलं, पडदा ओढला, आता उरला' – इथे साहेबांचा आवाज आडवा आला होता : "अगं, बॅग भरली का?"

"भरतेय," असे म्हणून वहिनी गप्प झाल्या होत्या. त्यापुढे मुद्रणात फक्त फ्रीज होता.

साहेबांनी आलेख छापून घेतला. तो हातात धरून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. वहिनी डबे पुसत होत्या. अशा वेळी कसे बोलावे, याचा साहेबांना सराव नव्हता, म्हणून त्यांनी अहवाल दिला. विजेची आवर्तने, फ्रीजची कंपने, पेटीची पट्टी, पहिले कडवे, तिसरे कडवे. शेवटी म्हणाले, "म्हणजे तू बेसूर नव्हतीस. कधीच नव्हतीस. माझं प्रमाण चुकलं होतं."

वहिनींनी फडके ठेवले, आलेख घेतला, चष्मा लावून पाहिला. सरळ रेघेवरून एकदा बोट फिरवले. मग पाटी ओढली. या खेपेला 'अहो' नव्हते.

'आता सांगताय.'

साहेबांनी मान खाली घातली. वहिनींनी पाटी पुसली नाही. ती ओळ तशीच ठेवून त्या पुन्हा डबे पुसू लागल्या आणि राहिलेले पाचही डबे पुसून झाल्यावरच त्यांनी हात कोरडे केले. मग साहेबांना खुणेने संगणकाकडे नेले आणि तो शेवटचा भाग लावायला लावला. ऐकताना त्यांचा हात गळ्यावरच्या पट्टीशी गेला होता. आपला रोजचा आवाज त्याही चार महिन्यांनी ऐकत होत्या. 'दूध नासेल'पाशी त्यांनी तो पुन्हा मागे न्यायला सांगितला. तीनदा.

'अहो, हे पाठवा.'

"यात मी बोललोय ते कापतो," साहेब म्हणाले. "ते दुरुस्त करता येण्याचं. ते फार... ते चांगलं वाटत नाही."

'अहो, कापू नका. तिला कळू दे कसं होतं ते.'

"आणि ओळ अर्धीच आहे. 'आता उरला'वर तुटते."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. 'अहो, ती कोणामुळे?' असे लिहिले, पुसले, आणि खाली लिहिले, 'पुढची तुम्ही म्हणा.'

"मी?" साहेब म्हणाले. "अगं, मला गाण्यातलं–"

पाटीवर बोटाची टकटक झाली. दोनदा.

असे दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजताचे गायन ठरले. श्रोते व्हायला बँकवाले आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. पेटीमास्तरांनी पट्टी द्यायची तयारी दाखवली, तीही नाकारण्यात आली. साहेब आणि वहिनी स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उभे राहिले. मुद्रण चालू असल्याचा लाल ठिपका दिसत होता. फ्रीज गप्प होता. दोघे वाट पाहत थांबले. चार मिनिटांनी आत काहीतरी खडखडले आणि घरघर सुरू झाली.

साहेबांनी घसा साफ केला आणि म्हटले, "उजेड थोडा."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. उघडल्यावर त्यांनी तळहात आडवा धरला आणि किंचित उचलला. वर. साहेबांनी पुन्हा म्हटले. हात आणखी वर गेला. साहेब चढले, फार चढले. हात खाली आला. दोन वेळा, पाच वेळा, नऊ वेळा. मध्येच वहिनींनी पाटीवर खरडले, 'अहो, अजून वीस सेंट खाली आहात.' ते साहेबांनी मोजून पाहिले नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आपण कुठे आहोत, हे त्यांना कळत नव्हते, आणि सांगणारे उपकरण फक्त समोरचा तो हात होता, एका अंगठीचा, डबे पुसून सुरकुतलेला. ते त्याच्याकडे पाहून गात होते.

बाराव्या खेपेला हात हलला नाही. साहेबांनी 'उजेड' लावला आणि फ्रीजची घरघर त्यांना पहिल्यांदाच वेगळी ऐकू आली नाही. ती त्यांच्या छातीतच कुठेतरी चालू होती. वहिनींचे ओठ 'थोडा' म्हणत होते. साहेबांनी 'थोडा' सुरू केला, आणि त्याच क्षणी खडखड होऊन फ्रीज थांबला.

स्वयंपाकघरात एकदम काही उरले नाही. साहेबांचा आवाज एकटा पडला, हलला, कुठे जावे हे न कळून खाली जाऊ लागला.

वहिनींचा हात तिथेच होता, त्याच उंचीवर. तो खाली येत नव्हता. साहेबांनी त्या हाताकडे पाहत शब्द पुरा केला.